अमेरिकेत कंपनी काढता येते, पण म्हणून व्हिसा मिळत नाही! एजंटाला पैसे देण्याआधी हे वाचा

रेणापूर : "अमेरिकेत स्वतःची कंपनी काढा, बिझनेस व्हिसा मिळवा, कुटुंबासह सेटल व्हा." असले मेसेज आता गावाकडच्या ग्रुपवरही येऊन पडतात. खाली एक मोबाइल नंबर आणि आधी भरायची रक्कम. पोरगं इंजिनिअर झालेलं, मनासारखी नोकरी नाही, मग घरात विषय निघतोच : दोन एकर काढून टाकायचे का? वावराचा व्यवहार करण्याआधी यातलं खरं काय, खोटं काय ते समजून घ्या.

मेसेजमधली पहिली गोष्ट खरी आहे. अमेरिकेत कंपनी नोंदवायला तिथला नागरिक असावं लागत नाही, तिकडं जावंही लागत नाही. 'एलएलसी' नावाची छोटी कंपनी पिंपळफाट्यावर चहा पीत मोबाइलवरूनही नोंदवता येते. वायोमिंग राज्यात त्याची सरकारी फी १०० डॉलर आहे. एजंट नेमकं हेच करून देतो, इंग्रजी शिक्क्याचं सर्टिफिकेट हातात ठेवतो आणि लाखात पैसे घेतो.

पण कंपनी नोंदवणं वेगळं आणि तिथं राहून ती चालवायची परवानगी वेगळी. बाजार समितीचं लायसन निघालं म्हणून आडतीचा गाळा मिळतो का? तसंच हे. उलट एक काम गळ्यात पडतं. परदेशी मालकाच्या अशा कंपनीला, मालकाने भांडवल जरी टाकलं तरी, तिथल्या आयकर खात्याकडे ५४७२ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. चुकलं तर दंड २५,००० डॉलर. हे एजंट सांगत नाही.

आता व्हिसाचं बघू. धंद्यासाठीचा 'ई-२' व्हिसा आहे, पण तो अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारत त्या यादीत नाही. त्यामुळं कुणी भारतीय पासपोर्टवर ई-२ काढून देतो म्हणाला, तर तिथूनच उठून या. 'ईबी-५' मध्ये ग्रीन कार्डचा रस्ता आहे. त्यासाठी किमान ८ लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या आसपास, गुंतवावे लागतात आणि १० जणांना रोजगार निर्माण झाल्याचं दाखवावं लागतं. इथून बँकेमार्फत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, तेव्हा हा आपल्या ऐपतीतला विषय नाही. 'बी-१' वर जाऊन बैठका घेता येतात, बाजार बघता येतो, पण दुकानात गल्ल्यावर बसता येत नाही.

मग तिकडं मोठे झालेले मराठी उद्योजक कसे झाले? सुहास पाटील यांचं उदाहरण घ्या. जमशेदपूरला जन्म, १९६५ मध्ये आयआयटी खरगपूरची पदवी, नंतर अमेरिकेत एमआयटीतून डॉक्टरेट. पुढे युटा विद्यापीठात प्राध्यापक. स्वतःची कंपनी काढली ती १९८१ मध्ये, सॉल्ट लेक सिटीत. तीच पुढे चिप बनवणारी 'सिरस लॉजिक' झाली आणि १९८९ मध्ये शेअर बाजारात आली. पदवी आणि कंपनी यांच्यात सोळा वर्षं गेली. आधी शिक्षण, मग नोकरी, मग ओळखीपाळखी आणि शेवटी धंदा. १९९२ मध्ये त्यांनी इतरांसोबत 'टाय' ही संस्था उभी केली ती नवख्या उद्योजकांना जुन्यांचा हात मिळावा म्हणूनच.

आजही सरळ रस्ता साधारण तोच आहे, फक्त अरुंद झालाय. विद्यार्थी व्हिसावर शिकताना धंदा चालवता येत नाही. पदवीनंतर 'ओपीटी'च्या पहिल्या १२ महिन्यांत आपल्या विषयातला स्वतःचा व्यवसाय करता येतो. त्यापुढं एच-१बी. त्याच्या वर्षाला ८५ हजार जागा, निवड सोडतीने. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. चोरवाटेचं तर नावच काढू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते.

दुसरा एक रस्ता आहे, आणि आमच्या मते आपल्या लेकरांनी तोच आधी बघावा. आनंद देशपांडे अमेरिकेत डॉक्टरेट करून एचपीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. १९९० मध्ये ते परत आले आणि पुण्यात 'पर्सिस्टंट' सुरू केली. काम पुण्यात, बरेचसे गिऱ्हाईक अमेरिकेत. एवढी मोठी उडी सगळ्यांची नसते, पण वेबसाइट, डिझाइन, हिशेब अशी कामं घरून करून डॉलर बँकेत आणता येतात. त्याला अमेरिकन कंपनी लागतेच असंही नाही.

माल पाठवायचा असेल तर तोही रस्ता आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या पटडी चिंचेला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. निर्यातीचा आयईसी नंबर ५०० रुपये सरकारी फीत ऑनलाइन निघतो. खाद्यपदार्थ असेल तर कारखान्याची अमेरिकेच्या एफडीएकडे नोंदणी आणि तिथला एक अधिकृत प्रतिनिधी लागतो. आयात शुल्क मात्र सौदा ठरवण्याच्या दिवशीच विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये ते बऱ्याच भारतीय मालावर एकदम ५० टक्क्यांवर गेलं होतं. ज्यांचा माल तेव्हा वाटेत होता, त्यांना विचारा.

एवढं वाचूनही एजंटाकडं जायचंच असेल तर एकच करा. "कोणत्या व्हिसासाठी अर्ज करणार, त्याचं नाव आणि अट कागदावर सहीनिशी लिहून द्या," असं म्हणा. फक्त "बिझनेस व्हिसा" असं लिहिलं, तर पैसे खिशातच ठेवा. पैसे देणारच असाल तर बँकेतून द्या, रोख नको, आणि पावती घ्या.