हातघडणीची तंतुवाद्ये : गिटार आणि तंबोरा

● गिटारीचा साचा : स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने वरच्या पातळ फळीस आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे मांडलेल्या पट्ट्यांचा आधार देऊन आणि तारेची लांबी सुमारे ६५० मिलिमीटर राखून अभिजात गिटारीस जे रूप दिले, तेच आजही प्रमाण मानले जाते. तिची पाठ व बाजू पुष्कळदा भारतीय शिसवाच्या असतात.

● मिरजेचा वारसा : शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात पेशा असलेल्या फरीदसाहेब शिकलगार यांनी, हत्यारांची मागणी ओसरू लागल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धनांच्या मिरज संस्थानात आपले कसब तंतुवाद्यांकडे वळविले, 'सतारमेकर' हे आडनाव त्याच परंपरेतले.

● साहित्य : तंबोऱ्यासाठी पंढरपूरकडील वाळविलेला कडू भोपळा आणि तून वृक्षाचे लाकूड.

● जवारी : गिटारीची तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते, तंबोऱ्याच्या घोडीचा रुंद पृष्ठभाग मात्र कानसेने घासून इतका अलगद उतरता करावा लागतो की, कंप पावणारी तार त्यास क्षणोक्षणी स्पर्श करीत राहावी; हीच जवारी. पुढे तारेखाली सुताचा धागा सरकवीत, स्वर जेथे खुलतो ती जागा कारागीर केवळ कानाने हेरतो.

● मानांकन : मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले.

● जावयाचे कसे : कामठ्याच्या जिज्ञासूंनी गोंदियास कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी, ती मिरजेस थांबते.