गळका नळ आणि अडलेले दार

घर एकदा बांधून झाले म्हणजे ते कायमचे झाले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः घर रोज थोडे थोडे झिजत असते. नळ गळू लागतो, बिजागरीचा स्क्रू सैल होतो, टेबल डुगडुगू लागते, एखादे कौल तडकते. या गोष्टी इतक्या हळूहळू घडतात की आपण त्यांच्याशी जुळवून घेतो. नळाखाली तांब्या ठेवतो, दार खांद्याने लोटतो, टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारतो आणि ‘पुढच्या रविवारी पाहू’ असे म्हणून मोकळे होतो.

आम्ही दहावीच्या वर्गातील पाच जण, तीन मुली व दोन मुलगे, एकाच गल्लीत राहतो. गेल्या आषाढात आमच्यापैकी एकीची आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. न्हाणीतला नळ चार महिने गळत होता. त्याखालच्या फरशीवर शेवाळ धरले होते. घरातील प्रत्येकाला ते ठाऊक होते आणि त्या घरी रोज जाणाऱ्या आम्हां सर्वांनाही ठाऊक होते. पुढे नळ दुरुस्त झाला तेव्हा कळले की दोष एका लहानशा रबरी चकतीचा होता. काम अर्ध्या तासाचे होते. ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. आपल्या घरातील लहानसहान दुरुस्त्या आपणच शिकावयाच्या, असे आम्ही त्या दिवशी ठरविले. शेजारच्या वयोवृद्ध सुतारमामांनी आम्हांला हाताशी धरले. त्यांच्याकडून व स्वतःच्या चुकांतून आम्ही जे शिकलो, ते आमच्या वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

नळ का गळतो?

फिरवून बंद करावयाच्या नळाची रचना सोपी आहे. अशा नळाचे पेटंट इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील कारखानदारांनी १८४५ साली घेतले, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. नळाच्या पोटात एक गोल भोक असते. त्याच्या कडेला बैठक म्हणतात. वरची मूठ फिरविली की आतील आटेदार दांडा खाली उतरतो व त्याच्या टोकाची रबरी चकती बैठकीवर दाबून बसते. या चकतीला वॉशर म्हणतात. आमच्याकडे बहुतेकांच्या तोंडी ‘वायसर’ असते. ती झिजली किंवा कडक झाली की बारीक फट राहते आणि थेंब सुरू होतो. थेंब पडू लागला की आपण मूठ अधिक जोराने आवळतो. त्यामुळे चकती बैठकीच्या कडेवर कापली जाते आणि गळती वाढते. आपण करतो तो उपायच रोग वाढवितो.

थेंब क्षुल्लक वाटतो. म्हणून आम्ही हिशेब केला. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. म्हणजे सुमारे ४.३ लिटर. वर्षाचे झाले जवळजवळ १,५७७ लिटर. पंधरा लिटरांची एक घागर धरली, तर शंभराहून अधिक घागरी! आमच्या बेळगावला राकसकोप जलाशयातून व हिडकल धरणातून पाणी येते. उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येते याची चर्चा घरोघर चालते; त्याच घरांतून हा थेंब मात्र टपकत राहतो.

दुरुस्तीचा क्रम असा. प्रथम टाकीकडून येणारी मुख्य चावी बंद करावी व नळ उघडून नळीतले पाणी जाऊ द्यावे. मोरीच्या भोकावर फडके कोंबावे, नाहीतर लहान स्क्रू हमखास त्यात जातो. आमचा पहिला गेलाच. नळाच्या मानेवरील षट्कोनी भागाभोवती फडके गुंडाळून तो पान्याने डावीकडे फिरवावा. दांडा वर निघाला की तळाची चकती दिसते. झिजलेल्या चकतीवर गोल खाच उमटलेली असते. ती चकती बरोबर घेऊनच दुकानात जावे आणि त्याच मापाची नवी आणावी. नवी बसविण्यापूर्वी बैठकीवरून बोट फिरवून पाहावे. कड खडबडीत लागली, तर नवी चकतीही लवकर कापली जाईल. अशा वेळी कारागिराला बोलवावे. सर्व जागच्या जागी बसविल्यावर मुख्य चावी हळूहळू उघडावी. नळ बंद करताना पाणी थांबले की हातही थांबवावा.

अलीकडे पाव फेऱ्यात उघडणारे नळ आले आहेत. त्यांत रबरी चकती नसून चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. हा नळ गळू लागला तर आतला सबंध भाग बदलावा लागतो. म्हणून नळ कोणत्या जातीचा आहे, हे उघडण्यापूर्वीच ओळखावे.

पावसाळ्यात अडणारे दार

आमच्या भागात मृगाचा पाऊस सुरू झाला की दारे अडू लागतात. याचे कारण लाकडाच्या घडणीत आहे. लाकूड म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी. हवेतील ओलावा या नळ्यांच्या भिंतींत शिरला की त्या जाड होतात. लांब मात्र जवळजवळ होत नाहीत. म्हणून फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला नाही, आणि दार कडीच्या बाजूला चौकटीस घासू लागते.

परंतु प्रत्येक अडणारे दार फुगलेलेच असते असे नाही. दार अर्धे उघडून कडीच्या बाजूने किंचित वर उचलून पाहावे. वरची बिजागरी हलताना दिसली, तर दोष लाकडाचा नसून सैल स्क्रूचा आहे. दार लोंबल्यामुळे ते खाली घासते आहे. अशा वेळी दाराखाली लाकडी पाचर मारून त्याला आधार द्यावा, एका वेळी एकच स्क्रू काढावा, रुंदावलेल्या भोकात सरस लावलेली बांबूची काडी घट्ट बसवावी, ती वाळली की पृष्ठभागाबरोबर कापावी आणि स्क्रू पुन्हा पिळावा. त्याला धरावयास नवे लाकूड मिळते व दार वर उचलले जाते.

बिजागरी घट्ट असूनही दार घासत असेल, तर चौकटीच्या आतल्या कडेला खडू फासून दार लावावे. जेथे घासते, तेथे दारावर खडू उमटतो. त्या जागी मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळला की पावसाळा बहुधा निभावतो.

येथे आम्ही केलेली चूक सांगणे भाग आहे. श्रावणात एका घरचे दार फारच अडू लागले. सुतारमामांना न विचारताच आम्ही रंधा आणला आणि दाराची कड दोन सूत तासली. दार अगदी अलगद लागू लागले व सर्वांनी आमचे कौतुक केले. मार्गशीर्षात हवा कोरडी झाली, लाकूड आकसले आणि दार व चौकट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली. थंड वारा सरळ घरात येऊ लागला. शेवटी सुतारमामांनीच कडेला पातळ पट्टी ठोकून दिली. ते रागावले नाहीत. “पावसाळ्यात मेण लावावं, रंधा दिवाळीनंतर,” एवढेच म्हणाले. कोरड्या दिवसांतही दार घासतच असेल, तरच ते तासावे. आणि तासलेल्या कडेला, तसेच दाराच्या वरच्या व खालच्या कडांना, तेलरंगाचा हात अवश्य द्यावा. या दोन कडा दिसत नाहीत, म्हणून पुष्कळदा त्या बिनरंगाच्याच राहतात आणि तेथूनच लाकूड सर्वांत जास्त ओलावा पिते.

डुगडुगणारे टेबल

तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, हे आपण पाहिले असेल. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच. चौथा त्यात असेलच असे नाही. भूमितीच्या तासाला हे वाक्य आम्ही पाठ केले होते, त्याचा अर्थ मात्र टेबलापाशी बसल्यावर कळला. टेबल डुगडुगते म्हणून त्याचा पाय कापावयास धावू नये. प्रथम ते जागच्या जागी थोडे थोडे फिरवून पाहावे. एखाद्या स्थितीत ते स्थिर झाले, तर दोष फरशीचाही असू शकतो. कोठेही स्थिर न झाल्यास जो पाय अधांतरी राहतो त्याच्या तळाशी रबराची किंवा लाकडाची चकती चिकटवावी. लांब पाय कापण्यापेक्षा आखूड पाय वाढविणे केव्हाही बरे, कारण चिकटविलेली चकती काढता येते, कापलेले लाकूड परत येत नाही.

कौलांची गळती

बेळगाव-खानापूर भागात अद्याप पुष्कळ घरांवर मंगळुरी कौले आहेत. बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूर येथे ती बनविण्याचा कारखाना काढला आणि हळूहळू ती पश्चिम किनारपट्टीवर व घाटावर पसरली. प्रत्येक कौलाच्या कडेला खाचा असतात. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि वरचे कौल खालच्यावर चढते. म्हणून एक कौल सरकले तरी पाण्याला वाट मिळते.

छपरावर चढणे हे मुलांचे काम नव्हे. परंतु गळती शोधणे हे मात्र आमचे काम होऊ शकते. पावसाळ्यापूर्वी भर दुपारी माळ्यावर दिवा मालवून उभे राहावे. जेथून उजेडाचा कवडसा येतो, तेथून पाणीही येण्याचा संभव असतो. त्या जागेच्या जवळच्या वाशावर खडूने खूण करावी. पाणी जेथे ठिबकते तेथेच कौल फुटले आहे असे समजू नये. आत आलेले पाणी उताराने रीप किंवा वासा धरून खाली येते व मग टपकते. म्हणून दोष ठिबकण्याच्या जागेपेक्षा वर आढ्याच्या दिशेने शोधावा. खुणा तयार असल्या म्हणजे कारागिराचे काम लवकर होते आणि विनाकारण चांगल्या कौलांवर पाय पडत नाहीत.

ज्याला हात लावावयाचा नाही ते

विजेचे काम आम्ही शिकलो नाही आणि वाचकांनीही केवळ लेख वाचून करू नये. घरातील वीज २३० व्होल्टची असते. ती चूक सुधारावयास दुसरी संधी देईलच असे नाही. तरीही दोन गोष्टी सर्वांना ठाऊक असाव्यात. जुन्या घरांतील फ्यूजची तार वितळते ती आपले रक्षण करण्यासाठी. ती वारंवार वितळते म्हणून तेथे जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून चोरांना दार उघडून देणे होय. तसेच आपोआप पडणारे बटण पुन्हा पुन्हा पडत असेल, तर ते दाबून धरू नये. कारण शोधण्यास जाणत्या माणसाला बोलवावे. शिडीवरच्या कामाला एक मोठे माणूस खाली उभे असावे, हाही नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

शेवटी थोडेसे

आमच्या पेटीत आज एक पाना, एक पक्कड, लहानमोठे दोन स्क्रूड्रायव्हर, हातोडी, काचकागद, सरस, निरनिराळ्या मापांच्या चकत्या, मेणबत्ती आणि खडू एवढेच सामान आहे. महिन्यातील पहिल्या रविवारी सकाळी आम्ही एकेका घराची फेरी करतो. गल्लीत तीन घरे अशी आहेत की जेथे केवळ वृद्ध माणसे राहतात. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीस आहेत. एका चकतीसाठी कारागीर यावयास तयार होत नाही आणि म्हाताऱ्या हातांना पाना फिरत नाही. त्या घरांतले नळ आता आमच्याकडे आहेत.

यामुळे कारागिरांचे काम आम्ही हिरावून घेतो असे कोणी समजू नये. उलट, स्वतः रंधा धरून पाहिल्यापासून सुतारमामांच्या हाताची किंमत आम्हांला अधिक कळली आहे. कोठे आपण थांबावे आणि कोठे त्यांना हाक मारावी, हेही कळू लागले आहे.

आजीचे प्लास्टर निघाले. परंतु मनगट पूर्वीसारखे वळत नाही. पोळ्या लाटताना तिला मध्येच थांबावे लागते. आम्ही पेटी घेऊन गेलो की ती सर्वप्रथम आम्हांला न्हाणीघरात नेते, नळ बंद करून दाखविते आणि खालची फरशी कोरडी आहे ना, हे स्वतः हात लावून पाहते. वाचकहो, हा अंक मिटून ठेवल्यावर आपणही एकदा आपल्या घराच्या न्हाणीत डोकावून यावे, एवढीच आमची विनंती आहे.