सर्व्हर अडकतो तेव्हा आत काय होतं?

शेवटच्या तारखेला फॉर्म भरताना पडद्यावर चाक फिरत राहतं आणि आपण म्हणतो, सर्व्हर डाउन. बऱ्याचदा तो बंद नसतो, त्याच्या दारात गर्दी झालेली असते.

त्या दाराला पोर्ट म्हणतात. सुरक्षित वेबसाइटचं दार सहसा ४४३ क्रमांकाचं. दारावरचं सॉकेट (भिंतीतलं प्लगचं नव्हे हं!) दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखं, कोण आलं एवढंच बघतं. आपला मोबाइल जोडला गेला की बोलण्यासाठी वेगळं सॉकेट उघडतं, जशी आत बाकावर जागा मिळते. या जागा मोजक्या. लिनक्सवर एका प्रोग्रामला उघड्या फायली धरून सहसा १०२४; ही मर्यादा वाढवता येते. बाक भरला की बाकीच्या रांगेत, आणि रांगही भरली की जोडणीच होत नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका. नवी मागणी जाते, पण जुनीचं काम आत चालू असू शकतं. पैसे भरताना तर मुळीच नको, रक्कम दोनदा कापली जाऊ शकते. आधी बँकेचा मेसेज आणि अर्जाची स्थिती बघा. आमच्या गटाचे फॉर्म आम्ही आता पहाटे भरतो.