चाळिशीनंतर समाजकार्याची पदवी

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा काळजी होती ती पाठांतराची. खरा कस लागला तो क्षेत्रकार्यात. या शिक्षणात व्याख्यानांइतकेच महत्त्व रुग्णालयातील व वस्तीतील प्रत्यक्ष कामाला असते.

माझ्याकडे क्षयरुग्णांचे काम होते. साध्या क्षयाचा उपचार सहसा ६ महिन्यांचा. पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि काही रुग्ण गोळ्या सोडतात. अशाने उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. मात्र दरडावून विचारले, तर रुग्ण पुन्हा फिरकतच नाही.

अमेरिकन अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे मांडली. दोष न देणे आणि गुप्तता राखणे ही त्यांतलीच. शांतपणे ऐकले की खरे कारण बाहेर येते : बुडणारी मजुरी, सासरी कळण्याची भीती, गोळ्यांनी होणारी मळमळ. प्रत्येकाला उपाय निराळा. क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पण बँक खातेच नसेल तर आधी ते उघडून द्यावे लागते.

येथे वय कामी येते. ज्याने संसार चालवला आहे, त्याला मजुरी बुडणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. फक्त वडीलकीने उपदेश करण्याची सवय आवरावी लागते.

तुमच्या घरी कोणी मध्येच औषध सोडले असेल, तर रागावू नका. आधी कारण विचारा आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा.