गाडीतला आवाज मध्येच जातो?

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने भंडारा ओलांडून साकोलीकडे निघालात आणि गाणं तुटायला लागलं, तर आधी एफएम सोडून पेन ड्राइव्ह लावा. तो सुरळीत वाजला तर स्टिरिओ ठणठणीत आहे. नागपूरचं केंद्र मागे पडत चाललंय, एवढंच.

एकच स्पीकर गप्प? गाणं चालू ठेवून त्या बाजूचं दार हळूहळू उघडबंद करा. बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर वाकून वाकून आतल्या आत तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डर करून घ्या. स्पीकर सुटा करून मल्टिमीटर लावला, तर ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीन ओहम दाखवतो. आकडा मध्येच गायब झाला, तर स्पीकरच बदलायचा.

सगळेच एकदम बंद, डिस्प्ले मात्र चालू? ढिला कनेक्टर, गंजलेलं अर्थिंग किंवा बॉडीला टेकलेली स्पीकरची वायर तपासा. वायर टेकली की अॅम्प्लिफायर स्वतःला वाचवायला आवाज तोडतो. मे महिन्यात उन्हात तापलेला स्टिरिओही हेच करतो. फ्यूज वारंवार उडत असेल, तर जास्त अँपिअरचा बसवा असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका, वायर पेटू शकते.