खडीच्या दुलईवरचा महामार्ग

कॅनडाच्या युकॉनमधील डॉसन सिटीजवळून निघून इनुविक या गावाला पोहोचणारा डेम्पस्टर महामार्ग सुमारे 740 किलोमीटरचा आहे. तो 1979 मध्ये खुला झाला, आणि आजही जवळपास सगळा खडीचाच आहे.

खालची जमीन बारमाही गोठलेली. तिच्यातला बर्फ वितळला की रस्ता खचतो. त्यामुळे इथे जमीन खोदत नाहीत, तिच्यावर 1.2 ते 2.4 मीटर जाडीचा खडीचा भराव घालतात, म्हणजे उन्हाळ्याची ऊब खाली पोहोचत नाही. भरावाच्या कडेला पाणी तुंबले, तरी बर्फ वितळायला लागतो. म्हणून मोऱ्या मोकळ्या ठेवणे हे इथल्या देखभालीतले मोलाचे काम. रस्ता सपाट करणारे ग्रेडर यंत्र फिरवून खड्डे बुजवणे आणि धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइड टाकणे हे उन्हाळ्यातले नेहमीचेच.

या महामार्गाच्या वाटेत पील आणि मॅकेन्झी नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून वाहतूक. नदी गोठताना आणि फुटताना मात्र दोन्ही बंद. त्या काही आठवड्यांत इनुविकला बाहेरून माल येतो तो विमानानेच.

इनुविकपासून आर्क्टिक महासागराकाठच्या टुकटोयाकटुकपर्यंतचा पुढचा रस्ता नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाला. त्याचा भराव मुद्दाम हिवाळ्यात, गोठलेल्या जमिनीवर जिओटेक्स्टाईलचे कापड अंथरून घातला. त्याआधी टुकटोयाकटुकला गाडीने जायचे तर हिवाळ्यातल्या बर्फाच्या रस्त्यानेच जावे लागे.

आर्क्टिकचे तापमान जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने वाढते आहे. तेव्हा या रस्त्यांच्या देखभालीचा खर्च वाढतच जाणार.