मडक्यातील कॉफी आणि तिच्यामागची बाग

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील डोंगराळ गावांत चुलीवर चढणाऱ्या मडक्यात पाण्याबरोबर प्रथम गूळ आणि दालचिनी पडते. कॉफीची पूड सर्वांत शेवटी. या पेयाला तेथे ‘काफे दे ओया’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत ‘ओया’ म्हणजे मडके. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या मेक्सिकन क्रांतीच्या काळात फौजेबरोबर फिरणाऱ्या स्त्रिया ही कॉफी मोठ्या मडक्यांत करीत, असे परंपरेने सांगितले जाते. आज न्याहारीपासून मृताच्या घरी रात्र जागविण्याच्या प्रसंगापर्यंत ती सर्वत्र दिली जाते.

या पेयातील घटक मराठी शेतकऱ्याला परके नाहीत. ‘पिलोन्सियो’ हा तेथील गूळ. उसाचा रस आटवून तो शंकूच्या आकाराच्या साच्यांत ओततात. मळी वेगळी काढली जात नसल्याने त्याला गुळाचाच रंग आणि खमंगपणा येतो. दालचिनी मात्र श्रीलंकेची, पातळ सालीची लागते. तिच्या कांडीत कागदासारखे अनेक पदर असतात आणि ती बोटांनी सहज चुरते. आपल्या बाजारात ‘दालचिनी’ म्हणून मिळणारी जाड, कठीण, एकपदरी साल बहुधा कॅसिया या वेगळ्या प्रजातीची असते. तिची चव तिखट असून तिच्यात कूमारिन हा घटक बराच अधिक असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तेज’ ही जात खऱ्या दालचिनीची आहे, त्यामुळे कोकणातील बागायतदाराला या पेयासाठी परदेशी मालाची गरज नाही.

घरी करण्याची रीत

एक लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम चिरलेला गूळ आणि बोटभर लांबीची दालचिनीची कांडी घालावी. आवडीनुसार दोन लवंगा आणि संत्र्याच्या सालीचा केवळ बाहेरील नारिंगी भाग टाकावा. आतील पांढरा भाग कडू लागतो. मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्यावे. गूळ पूर्ण विरघळला आणि पाण्याला दालचिनीचा रंग चढला, की आच बंद करावी. मग जाडसर दळलेली, चिकोरीविरहित, मध्यम ते गडद भाजणीची ६० ग्रॅम कॉफी घालून एकदा ढवळावे व पाच मिनिटे झाकून ठेवावे. पूड घातल्यावर पुन्हा उकळी आणू नये. उकळल्याने कडवटपणा वाढतो. वरून चमचाभर थंड पाणी शिंपडल्यास चोथा तळाशी बसण्यास मदत होते. नंतर फडक्यातून गाळून दुधाविना प्यावे.

भांड्याच्या बाबतीत सावधगिरी आवश्यक आहे. मेक्सिकोतील पारंपरिक चकचकीत मातीच्या भांड्यांवर कमी तापमानावर भाजलेला शिसेयुक्त लेप असतो. आम्लधर्मी पदार्थ अशा भांड्यात शिजविला किंवा साठविला, तर शिसे अन्नात उतरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होत असल्याने तेथे शिसेविरहित लेपाचा प्रसार सुरू आहे. घरी करताना लेप नसलेले मडके किंवा साधे स्टीलचे पातेले वापरावे. चवीत थोडा फरक पडेल. जोखीम मात्र राहणार नाही.

दाण्यावरील छिद्र

कॉफीचे अख्खे दाणे घेतल्यास दळण्यापूर्वी ते ताटात पसरून पाहावेत. एखाद्या दाण्यावर टाचणीने टोचल्यासारखे गोल छिद्र दिसले, तर ती कॉफी फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची खूण होय. जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची ही काळी मादी फळाच्या टोकाकडून आत शिरते आणि बियांमध्येच अंडी घालते. पुढची पिढी आतच वाढत असल्याने फवारणी तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. मूळ आफ्रिकेतील ही कीड मेक्सिकोच्या चियापास राज्यात १९७८ मध्ये आणि भारतात १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर परिसरात आढळली. या किडीचे शत्रू शोधताना दोन्ही देशांचा संबंध जुळला. आफ्रिकेतून मेक्सिकोत आणलेली सेफॅलोनोमिया स्टेफॅनोडेरिस ही परोपजीवी गांधीलमाशी १९९०च्या दशकात तेथून भारतात आणण्यात आली.

दुसरे संकट तांबेऱ्याचे. ज्या श्रीलंकेतून या पेयाची दालचिनी येते, त्याच बेटावर १८६९ मध्ये कॉफीवरील तांबेऱ्याची प्रथम नोंद झाली आणि पुढे तेथील कॉफीची जागा चहाने घेतली. ही बुरशी १९८१ मध्ये मेक्सिकोत पोहोचली. २०१२ नंतरच्या तीव्र उद्रेकात त्या देशाचे कॉफी उत्पादन काही वर्षांतच जवळपास निम्म्यावर आले. त्याची झळ चियापास, वेराक्रूस, वाहाका आणि पुएब्ला येथील अल्पभूधारकांना बसली. त्यांपैकी बहुतेकांची बाग काही एकरांचीच आणि रोख उत्पन्नाचे मुख्य साधन तेवढेच.

सावलीतील मदतनीस

चियापासमधील एका सेंद्रिय कॉफी मळ्यात इव्हेट परफेक्टो आणि जॉन व्हँडरमीर या शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केलेला अभ्यास येथे मोलाचा ठरतो. तेथे सावलीच्या झाडांवर अ‍ॅझ्टेका मुंग्यांची वारुळे असतात. या मुंग्या कॉफीवरील हिरव्या खवले किडीचे रक्षण करतात, म्हणून प्रथमदर्शनी त्या शत्रूच वाटतात. परंतु खवले कीड दाट झाली, की तिच्यावर लेकॅनिसिलियम लेकॅनी ही पांढरी बुरशी वाढते आणि हीच बुरशी तांबेऱ्यावरही जगते. शिवाय त्या मुंग्या फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनाही हुसकावतात. आपल्याकडील शेतकरी ही बुरशी ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ या जुन्या नावाने ओळखतात आणि पिठ्या ढेकूण व मावा यांच्यासाठी वापरतात.

याचा अर्थ सावली असली की रोग-कीड येतच नाही, असा नव्हे. दाट सावलीत ओलावा टिकून तांबेऱ्याला पोषक स्थितीही निर्माण होते, म्हणून सावलीची छाटणी करावीच लागते. मात्र सरसकट झाडतोड आणि सरसकट कीटकनाशक यांमुळे हे मदतनीसही नाहीसे होतात, हे विस्तार कार्यकर्त्यांनी बागायतदारांपुढे मांडणे आवश्यक आहे.

भुंगेऱ्याच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त उपाय साधाच आहे. तोडणीनंतर झाडावर राहिलेली आणि जमिनीवर पडलेली प्रत्येक फळे वेचून नष्ट करावीत. कारण एका हंगामातील कीड दुसऱ्या हंगामापर्यंत त्यांतच तग धरते. त्याच्या जोडीला अल्कोहोलयुक्त प्रलोभन सापळे आणि बिव्हेरिया बॅसियाना बुरशीचा वापर करता येतो. कोडगू, वायनाड वा निलगिरीतील शेतकरी मेळाव्यात शंभर दाणे ताटात पसरून छिद्राचे दाणे सर्वांसमोर मोजले, तर बागेतील वेचणी किती झाली आणि किती राहिली, हे उपस्थितांना तेथेच दिसेल. निवडून उरलेल्या चांगल्या दाण्यांची गूळ-दालचिनी घातलेली कॉफी त्याच मेळाव्यात सर्वांना देता येईल.